कॉलेज बास्केटबॉल: न पचलेली हार आणि परत परत बघितलेली जीत

निळीछत्री
मार्च आला, ऑफिसात ब्रॅकेटचे (कुठली मॅच कोण जिंकणार ते आधीच भरून द्यायचा तक्ता) ईमेल फिरायला लागले, म्हणून धागा काढतेय. इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत, त्यात कॉलेज बास्केटबॉल बघणारे असणारच. एनबीए नको, फक्त कॉलेज. तुमच्या टीमची कुठली हार अजून पचलेली नाही आणि कुठली जीत आजही यूट्यूबवर शोधून बघता?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ६८ टीम, त्यातल्या आठ आधी चार जागांसाठी आपसात खेळतात, मग उरलेल्या ६४ चे चार रीजन, प्रत्येकात १ (सगळ्यात भारी) ते १६ असे नंबर. हरलात की घरी. बेस्ट ऑफ सेव्हन वगैरे लाड नाहीत. तीन आठवड्यांत एक टीम उरते, बाकीच्या ६७ रडत जातात.

मी चॅपल हिलची, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना, टार हील्स, आकाशी निळा. माझी हार २०१६ ची फायनल, विलानोव्हाविरुद्ध, ह्यूस्टनला. शेवटची पाचेक मिनिटं राहिली तेव्हा आम्ही दहाने मागे होतो, तिथून ओढत ओढत आणली मॅच. मग आमच्या मार्कस पेजने तो थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) मारला. उडी मारली तर समोर डिफेंडर उडालेला, म्हणून ह्याने हवेतच बॉल खाली घेतला, पाय कुठल्या कुठे, आणि खाली येता येता कसाबसा सोडला. आत! ७४-७४, घड्याळात ४.७ सेकंद. आमच्या खोलीत कोण कोणाच्या अंगावर पडलं होतं काही कळत नव्हतं, आणि त्या गोंधळात समोरच्यांचा क्रिस जेनकिन्स, ज्याने रेघेबाहेरून बॉल कोर्टवर दिला होता, तो मागून आरामात चालत आला, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही, आर्चिडियाकोनोने बॉल मागे दिला आणि जेनकिन्सने बझरला थ्री घातला. ७७-७४.

माझं दुःख हरण्याचं नाहीच. पेजचा तो शॉट इतिहासातल्या सगळ्यात भारी शॉट्समध्ये यायला हवा होता आणि तो आता दुसऱ्याच्या हायलाइटमध्ये आधी दाखवायची क्लिप झालाय.

जीत नंतर लिहिते, आधी तुमचं येऊ दे.

कायतरीच
रुमाल टाकून ठेवतो.

क्रिकेटच_बरा
कॉलेजच्या पोरांच्या मॅचवर एवढी रडारड? आमच्या पुण्यात इंटर-कॉलेज फायनलला ग्राउंडवर दोन टीम, अंपायर आणि एक चहावाला असतो. चहावाला पण सेकंड हाफला निघून जातो.

निळीछत्री
@क्रिकेटच_बरा, त्या ह्यूस्टनच्या फायनलला स्टेडियममध्ये सत्तर हजारांच्या वर माणसं होती हो. फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मधोमध लाकडी कोर्ट टाकतात.

क्रिकेटच_बरा
सत्तर हजार?? एवढ्या लांबून बॉल तरी दिसतो का?

कायतरीच
नाही. सगळे वरच्या मोठ्या स्क्रीनकडे बघतात. तिकीट काढून टीव्ही बघायचा.

वर्‍हाडी_बॉयलर
चला, खरं दुःख काय असते ते आता आम्ही सांगतो. पर्ड्यू. वेस्ट लफायेत, इंडियाना. मी अमरावतीचा, मास्टर्सला आलो तेव्हा बास्केटबॉलचं आपल्याला काहीच घेणंदेणं नव्हतं बाप्पा, पण इंडियानात हिवाळ्यात दुसरं करता काय? मक्याचे शेत, बर्फ आणि मॅकी अरीना. त्या अरीनात एकदा गेलं की मग सुट्टी नाही, कान फाटतात इतका आवाज.

तर २०२१ ला आम्ही ४ नंबर, हरलो १३ नंबरच्या नॉर्थ टेक्ससकडून. २०२२ ला ३ नंबर, हरलो १५ नंबरच्या सेंट पीटर्सकडून. २०२३ ला १ नंबर, हरलो १६ नंबरच्या एफडीयूकडून (फेअरली डिकिन्सन युनिव्हर्सिटी). म्हणजे दरवर्षी आमचा नंबर सुधारून राहिला होता आणि हरवणाऱ्याचा खाली जाऊन राहिला होता. १७ नंबर असता तर पुढच्या वर्षी त्यांच्याकडूनही हरलो असतो.

एफडीयूचं काय सांगू. आमच्याकडे झॅक ईडी, ७ फूट ४ इंच. त्यांची टीम म्हणजे त्या वर्षी अख्ख्या डिव्हिजन वनमध्ये (कॉलेजांची सगळ्यात वरची श्रेणी) उंचीने सगळ्यात बुटकी. अन् ते स्वतःच्या कॉन्फरन्सची (कॉलेजांचा गट) फायनल हरलेले होते! जिंकलेली मेरिमॅक नियमात बसत नव्हती म्हणून ह्यांना तिकीट भेटलं. डेटनला आधी एक मॅच खेळून मग आमच्यासमोर आले. ते बुटके पोट्टे ईडीच्या पुढूनमागून चिकटले, बॉल त्याच्यापर्यंत जाऊच देईनात, अन् आमचे बाहेरचे शूटर थंड. ६३-५८. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एक चिनी मित्र होता, तो कधी बास्केटबॉलचं नाव काढत नाही. त्याने काही न बोलता माझ्या टेबलावर बबल टी आणून ठेवली.

पण माझं मोठं दुखणं ते नाहीच. ते २०१९ चं व्हर्जिनिया आहे. कारण तेव्हा आम्ही खराब खेळलोच नव्हतो. कार्सन एडवर्ड्सने ४२ पॉइंट केले, दहा थ्री! फायनल फोरसाठीची (शेवटच्या चार टीम) मॅच, शेवटचे काही सेकंद, आम्ही पुढे. त्यांच्या जेरोमचा फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट) चुकला, डियाकिटेने बॉल कसाबसा मागे टोलवला तो पार हाफ कोर्टच्या पलीकडे गेला. आता संपली ना मॅच? तो चिटुकला किहाई क्लार्क धावत गेला, बॉल उचलला, जवळ दोन शूटर हात वर करून उभे असताना त्याने लांब पुढे डियाकिटेला फेकला, अन् त्याने बझरच्या आत शॉट घातला. ७०-७०. ओव्हरटाइममध्ये गेलो ८०-७५ ने. क्लार्कला तो पास कसा सुचला हे मला अजून समजलं नाही. मी असतो तर घाबरून जवळच्याला दिला असता अन् पर्ड्यू फायनल फोरला गेलं असतं.

जर्सीसिटीचा_बंड्या
कोणीतरी सेंट पीटर्स म्हणालं काय? आलो, आलो!

मी जर्सी सिटीत राहतो, जर्नल स्क्वेअरजवळ. इंडिया स्क्वेअरमधून भाजी आणि पार्ले-जी घेऊन निघालं की केनेडी बुलेवार्डवर थोडं खाली हे कॉलेज. वर्षानुवर्षं समोरून गेलो, ह्यांची बास्केटबॉल टीम आहे हेच माहीत नव्हतं. आणि टीमचं नाव पीकॉक्स! मोर! मोराच्या नावाची डिव्हिजन वनमधली एकुलती एक टीम.

२०२२ ला आधी केंटकीला उडवलं ओव्हरटाइममध्ये, ८५-७९. केंटकी म्हणजे काय, त्यांच्या एका कोचच्या पगारात आमचं अख्खं कॉलेज रंगवून झालं असतं. मग मरे स्टेट. मग पर्ड्यू ६७-६४ (सॉरी वर्‍हाडी भाऊ). १५ नंबरची टीम एलीट एटला (शेवटच्या आठात) पोहोचली, असं आधी कधीच झालं नव्हतं. तो मिशीवाला डग एडर्ट आठवतो का? आमच्या दुकानातले गुजराती काका, ज्यांना मी आयुष्यात क्रिकेट सोडून कशावर बोलताना ऐकलं नव्हतं, ते गिऱ्हाइकाला मेथीची जुडी देता देता विचारत होते, पेलो मूछवाळो आजे रमवानो छे?

निळीछत्री
आणि मग तुम्ही आम्हाला भेटलात. ६९-४९. :)

जर्सीसिटीचा_बंड्या
ताई, अतिथी देवो भव.

वर्‍हाडी_बॉयलर
म्हणजे ज्यांनी आम्हाला हरवलं त्यांना तुम्ही वीसने हाणलं. आम्ही नेमके कुठे आहोत ते कळलं. धन्यवाद.

बाल्टिमोरकर
वर्‍हाडी भाऊ, १६ नंबरकडून हरण्यात तुम्ही पहिले नाही, तेवढं समाधान माना. पहिला मान आमचा. यूएमबीसी (मेरीलँड युनिव्हर्सिटीचं बाल्टिमोर काउंटीतलं कॉलेज), २०१८. मी तेव्हा तिथेच होतो. यूएमबीसी म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी माहीत, बुद्धिबळ आणि आमच्यासारखी एमएस करणारी देशी पोरं. आमची बुद्धिबळाची टीम खरंच देशात गाजलेली, बास्केटबॉलची आमच्या गल्लीतही नाही.

समोर व्हर्जिनिया, देशात नंबर एक. हाफटाइमला २१-२१. आम्ही म्हटलं चला, अब्रू राहिली, आता वीसने हरलो तरी चालेल. सेकंड हाफमध्ये वीसने जिंकलो! ७४-५४. जायरस लाइल्स २८ पॉइंट. त्याआधी १ नंबरवाले १६ नंबरवाल्यांसमोर १३५ वेळा खेळले होते आणि १३५ वेळा जिंकले होते. इतिहासात पहिल्यांदा झालं हे.

आयोवाची_माई
पुरुषांच्या इतिहासात म्हणा. १९९८ ला हार्वर्डच्या मुलींनी १६ नंबरवरून स्टॅनफर्डला त्यांच्याच कोर्टवर ७१-६७ हरवलं होतं. तुमच्या वीस वर्षं आधी. इथे इतके प्रतिसाद झाले आणि मुलींच्या एका मॅचचं नाव नाही.

बाल्टिमोरकर
माई, मान्य. पण स्टॅनफर्डच्या दोन मुख्य खेळाडू दुखापतीने बाहेर होत्या ना तेव्हा?

आयोवाची_माई
आणि तुमच्या मॅचला व्हर्जिनियाचा डीआंद्रे हंटर मनगट मोडून बाहेर होता. ते नाही सांगितलंत.

कायतरीच
माई १, बाल्टिमोर ०. बझर.

आयोवाची_माई
आता लिहितेच. आयोवा सिटीत मुलाकडे असते. इथे मुलींच्या बास्केटबॉलचं वेड आजचं नाही. शेजारच्या आजी शाळेत सहा-सहा जणींचा खेळ खेळलेल्या. तीन मुली अर्ध्या कोर्टवर फक्त गोल करायच्या, तीन दुसऱ्या अर्ध्यात फक्त अडवायच्या, मधली रेघ ओलांडायची नाही. आयोवात हा प्रकार १९९३ पर्यंत चालू होता. ह्या आजी अडवणाऱ्यांपैकी, सगळ्या शालेय आयुष्यात एकदाही बास्केटमध्ये बॉल मारला नाही म्हणे, नियमच तसा.

तर आमच्या आयोवाची केटलिन क्लार्क. माझी जीत २०२३ ची सेमीफायनल, साउथ कॅरोलायना अख्खा सीझन अजिंक्य होती, त्यांना ७७-७३. क्लार्कचे ४१. आजी आणि मी दोघी सोफ्यावर, आजी प्रत्येक वेळी डिफेन्सवर टाळ्या वाजवायच्या, बास्केट पडली की नाही. आणि दोनच दिवसांनी फायनलला एलएसयूने (लुइझियाना स्टेट) १०२-८५ असं धुतलं. पुढच्या वर्षी एलएसयूचा हिशेब चुकता केला तर फायनलला परत साउथ कॅरोलायना, आणि ह्यावेळी त्या ३८-० करूनच घरी गेल्या. ती पोरगी एकदाही चॅम्पियन न होता कॉलेजमधून बाहेर पडली. पण २०२४ ची ती फायनल पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी टीव्हीवर बघितली, आणि असं पहिल्यांदाच झालं.

ड्यूकवाली
माई, प्रतिसाद फार आवडला. त्या आजींचं अजून लिहा ना, वेगळा धागा काढा हवं तर.

इचलकरंजीकर
बरेच दिवस वाचनमात्र होतो. तुम्ही सगळी पोरं २०१६-१८ च्या गोष्टी करताय म्हणून लिहितो.

मी १९८१ साली इचलकरंजीहून नॉर्थ कॅरोलायना स्टेटला टेक्सटाइल शिकायला आलो. रॅली गाव तेव्हा लहान. भारतीय माणूस रस्त्यात दिसला तर गाडी थांबवून बोलायचो. कापसाचं गाव सोडून कापसाच्याच गावात आलो, तर इथे माणसं कापसाबद्दल कमी आणि बास्केटबॉलबद्दल जास्त बोलायची. पंचवीस-तीस मैलांत तीन टीम: स्टेट, कॅरोलायना, ड्यूक. त्यात स्टेट म्हणजे शेतकी आणि इंजिनीअरिंगची पोरं, बाकी दोघांच्या हिशेबी गावंढळ.

१९८३ ची आमची टीम दहा मॅच हरलेली. कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली तरच पुढे जाणार अशी वेळ. सेमीफायनलला ओव्हरटाइममध्ये कॅरोलायनाला हरवलं, त्यात मायकेल जॉर्डन होता बरं का. फायनलला राल्फ सॅम्पसनची व्हर्जिनिया, तीही हरवली. मोठ्या स्पर्धेत पहिलीच मॅच पेपरडाइनशी, दोन ओव्हरटाइम. मरता मरता वाचलो. पुन्हा व्हर्जिनिया, ६३-६२. प्रत्येक मॅचला वाटायचं आज संपलं.

तेव्हा मोठ्या स्पर्धेत शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट मारायलाच लावणारं घड्याळ) नव्हतं, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पुढे असलेली टीम बॉल घेऊन नुसती पास पास खेळत बसायची. मग आमचा कोच जिम वाल्व्हानो काय करायचा, समोरच्यांचा फ्री थ्रोमध्ये कच्चा पोरगा हेरायचा आणि त्याला मुद्दाम फाउल करायला लावायचा. चुकला की बॉल आपला. फायनलला ह्यूस्टन, पुढे एनबीए गाजवणारे ओलाजुवान आणि ड्रेक्सलर एकाच टीममध्ये. कोणी आम्हाला धरत नव्हतं. ५२-५२ असताना ह्यूस्टनच्या फ्रँकलिनचा फ्री थ्रो चुकला, बॉल आमचा. शेवटच्या सेकंदांना व्हिटनबर्गने तीसेक फुटांवरून शॉट मारला, तो रिंगलाही लागला नाही, आणि खाली उभ्या लोरेन्झो चार्ल्सने हवेतच धरून आत दाबला. ५४-५२. व्हिटनबर्ग आजतागायत सांगतो की तो पासच होता.

आणि मग वाल्व्हानो कोर्टवर सैरावैरा धावतोय, मिठी मारायला कोणी सापडत नाहीये. हॉस्टेलच्या हॉलमध्ये एकच टीव्ही, पुढे पन्नास-साठ पोरं. माझ्या शेजारी एक शेतकऱ्याचा पोरगा होता, त्याच्याशी दोन वर्षांत कधी बोललो नव्हतो, त्याने मला उचलला आणि हिल्सबरो स्ट्रीटपर्यंत खांद्यावर नेला. रस्त्यावर जाळायला लोकांनी घरातली खुर्च्या-टेबलं आणली होती. त्या पोराने दुसऱ्या दिवशी माझं नाव विचारलं आणि नंतर लग्नाला बोलावलं.

वाल्व्हानो दहा वर्षांनी कॅन्सरने गेला, वय अवघं सत्तेचाळीस. त्याच्या नावाची संस्था अजून कॅन्सरच्या संशोधनाला पैसे देते, मी दरवर्षी थोडे पाठवतो.

@क्रिकेटच_बरा, ती मॅच ४ एप्रिल १९८३ ची. बरोबर पावणेतीन महिन्यांत लॉर्ड्सवर कपिलने कप उचलला. त्याचा स्कोअर मला इथे दुसऱ्या दिवशी कळला, तोही लंडनला फोन लावलेल्या मित्राकडून. एका वर्षात दोन्हीकडे कोणी धरत नसलेली टीम जिंकली, सांगा मी का बघू नये?

क्रिकेटच_बरा
काका, नमस्कार घ्या. तुमच्यापुढे बोलत नाही.

वर्‍हाडी_बॉयलर
काका, जबरदस्त! (पण २०२४ च्या सेमीफायनलला आम्ही तुमच्या स्टेटला ६३-५० केलं, तेवढं बोलू द्या. आमच्याकडे बोलायला फार कमी असते.)

इचलकरंजीकर
बोला बोला. ११ नंबरवरून तिथपर्यंत पोहोचलो होतो, त्याआधी पाच दिवसांत पाच मॅच जिंकून कॉन्फरन्स घेतली होती. आमच्या डीजे बर्न्सला नाचताना बघून आमचे पैसे वसूल झाले होते.

निळीछत्री
थांबा. ४ एप्रिल? २०१६ ची फायनलही ४ एप्रिलला होती. आणि २०२२ ला कॅन्ससकडून हरलो तीही ४ एप्रिललाच. हाफटाइमला ४०-२५ ने पुढे होतो आम्ही! फायनलमध्ये एवढी लीड आजवर कोणी घालवलेली नाही. म्हणजे ही तारीख स्टेटला लाभते आणि आम्हाला बाधते. पुढच्या वेळी तारीख बघून नारळ फोडावा लागेल.

बाल्टिमोरकर
२००५ ला कॅरोलायनाने इलिनॉयला हरवून कप नेला, ७५-७०. तारीख ४ एप्रिल. नारळ परत करा.

कायतरीच
ज्योतिष विभाग बंद करण्यात येत आहे.

ड्यूकवाली
२०२२ निघालंच आहे तर ताई तुमची जीत कुठली ते मला आधीच कळलंय. न लिहिलंत तरी चालेल.

निळीछत्री
लिहिणारच! फायनल फोर, न्यू ऑर्लिन्स, ड्यूक. दोन कॉलेजांत दहाएक मैलांचं अंतर, वर्षातून दोन-तीनदा खेळतात, पण मोठ्या स्पर्धेत समोरासमोर आले ते त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांचा कोच के (माइक शिशेव्स्की) ४२ सीझन ड्यूकला राहून रिटायर होणार म्हणून अख्खं वर्ष निरोप समारंभ. त्यांच्या घरच्या शेवटच्या मॅचला आम्ही जाऊन हरवून आलो, जुने खेळाडू झाडून सगळे आलेले, सत्काराची तयारी झालेली आणि ९४-८१! मग न्यू ऑर्लिन्सला परत, ८१-७७. आमच्या बेकॉटचा पाय मुरगळला, लंगडत आत गेला आणि परत आला, २१ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं). केलब लवने शेवटच्या अर्ध्या मिनिटात थ्री घातला तेव्हा मी जे ओरडले त्याने खालचे शेजारी वर आले. तेही कॅरोलायनाचेच निघाले.

कोच केची शेवटची मॅच आमच्याकडून हरून झाली. हे कोणीच कधी बदलू शकत नाही. दोन दिवसांनी कॅन्ससशी हरलो त्याचं मला खरं सांगते फारसं काही वाटलं नाही.

ड्यूकवाली
आमच्या घरात नवरा कॅरोलायनाचा, त्यामुळे हे मला दर दिवाळीला ऐकायला मिळतं. सासूबाई नागपूरहून आल्या होत्या तेव्हा, त्यांना वाटलं आमचं भांडण झालंय. मी वरच्या खोलीत, हा खालच्या.

माझं दुखणं ताजं आहे, २०२५, ह्यूस्टनविरुद्ध. कूपर फ्लॅग, एका वर्षासाठी आलेला पोरगा, सगळ्यांना माहीत की हा जाणार. आठ मिनिटं राहिली तेव्हा चौदाने पुढे. शेवटच्या मिनिटात सहाने पुढे. मी फायनलच्या दिवशीचा स्वयंपाक ठरवायला लागले होते. आणि मग बॉल रेघेबाहेरून कोर्टवर आणता येईना, फ्री थ्रो पडेना, फ्लॅगवर फाउल लागला, फ्लॅगचाच शेवटचा शॉट रिंगवरून बाहेर. ६७-७०. नवरा एक शब्द बोलला नाही, उठून भांडी घासायला गेला. जिंकलेल्यासारखा हसला असता तर बरं झालं असतं.

तरी सांगते, दोन दिवसांनी ह्यूस्टनचं जे झालं ते बघून माझं दुःख कमी झालं. फ्लोरिडा दोनने पुढे, शेवटचे सेकंद, ह्यूस्टनच्या शार्पने शॉटला उडी मारली, समोर हात आला, ट्रॅव्हलिंग होईल म्हणून बॉल सोडून दिला आणि त्याला स्वतःला तो परत उचलता येईना. शॉट न मारताच फायनल हरले. आमचा निदान मारून चुकला.

मेम्फिसकर
सगळ्यांचं वाचलं. आता माझं ऐका आणि मग ठरवा.

२००८, फायनल, मेम्फिस विरुद्ध कॅन्सस. डेरिक रोझ आमच्याकडे. दोन मिनिटं आणि काही सेकंद राहिले तेव्हा नऊने पुढे. सगळा सीझन टीव्हीवाले बोंबलत होते की ह्यांना फ्री थ्रो जमत नाहीत आणि आमचा कोच म्हणायचा वेळ आली की पोरं घालतील. वेळ आली. एकामागून एक चुकले. तरी तीनने पुढे, आणि मारियो चाल्मर्सने २.१ सेकंद असताना थ्री घातला. ६३-६३. ओव्हरटाइममध्ये आमच्यात काही उरलंच नव्हतं, ७५-६८.

इथपर्यंत तुमच्यासारखंच. पण नंतर एका खेळाडूच्या प्रवेश परीक्षेवरून चौकशी झाली आणि एनसीएएने (कॉलेज खेळांची मुख्य संस्था) आमचा तो सीझनच रद्द केला. ३८ विजय, सगळे पुसले. म्हणजे ज्या मॅचसाठी मी इतकी वर्षं झुरतोय ती रेकॉर्डप्रमाणे आम्ही खेळलोच नाही. बायको म्हणते मग विसर ना आता!

कायतरीच
मेम्फिसकर जिंकले. धागा बंद करा.

बाल्टिमोरकर
मिशिगनचंही तसंच ना? १९९३, क्रिस वेबर, दोनने मागे, ११ सेकंद, कोपऱ्यात दोघांनी घेरला आणि ह्याने टाइमआउट मागितला. टाइमआउट शिल्लकच नव्हता. टेक्निकल फाउल, कॅरोलायना ७७-७१. पुढे तेही सगळं रेकॉर्डमधून काढलं. पण वेबरचा टाइमआउट कोण काढणार लोकांच्या डोक्यातून?

इचलकरंजीकर
हल्लीचं मला एक खटकतं. आता दर एप्रिलला निम्मी टीम दुसरीकडे. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायला खेळाडू नाव टाकतात ती यादी) म्हणे. पैसे मिळतात तिथे जातात. वर निळीछत्री बाईंनी ज्या केलब लवचं कौतुक केलं तो पुढच्याच्या पुढच्या वर्षी ॲरिझोनाच्या शर्टात. मग आपण प्रेम कोणावर करायचं, कापडावर? मी टेक्सटाइलवाला असूनही विचारतो.

आयोवाची_माई
पण काका, इतकी वर्षं कॉलेजं आणि टीव्हीवाले ह्या मुलांच्या जिवावर कोट्यवधी कमवत होते आणि मुलांना स्वतःचं नाव विकून चार डॉलर घ्यायला बंदी होती. २०२१ ला नियम बदलला ते बरंच झालं. कोच करार मोडून जातो तेव्हा त्याला कोणी निष्ठा विचारत नाही.

इचलकरंजीकर
मुलांना पैसे मिळावेत ह्यावर माझं दुमत नाही. चार वर्षं एकाच जागी राहावीत एवढंच.

शार्लट्सविलचा_श्री
बाल्टिमोरकर आणि वर्‍हाडी, दोघांच्या गोष्टीत मधला तो मीच. व्हर्जिनिया.

२०१८ ला यूएमबीसीकडून हरलो त्यानंतर वर्षभर किराणा दुकानातसुद्धा लोक दयेने बघायचे. आणि पुढच्या वर्षी तीच पोरं. तोच जेरोम, तोच काइल गाय, तोच कोच टोनी बेनेट, फक्त हंटरचं मनगट जुळलेलं. पर्ड्यूचं वर आलंच. मग ऑबर्नविरुद्ध गायला थ्री मारताना फाउल झाला, ०.६ सेकंद, दोनने मागे, तीन फ्री थ्रो. अख्खं स्टेडियम ओरडतंय. एक. दोन. तीन. ६३-६२. मी टीव्हीकडे पाठ करून उभा होतो, मुलीने सांगितलं. फायनलला टेक्सस टेकला ओव्हरटाइममध्ये ८५-७७, हंटर २७ पॉइंट.

इचलकरंजीकर काकांचा मुद्दा मला इथे पटतो. ती पोरं २०१८ नंतर पळाली असती तर कप आलाही असता कदाचित, पण त्याला काय अर्थ होता? ज्यांची नाचक्की झाली त्यांनीच जिंकला.

निळीछत्री
श्री, आणि म्हणूनच माझं २०१६ बरं होत नाही. सगळे म्हणतात अगं पुढच्याच वर्षी गोंझागाला ७१-६५ हरवून जिंकलात की. हो, जिंकलो, बेरी होता, जस्टिन जॅक्सन होता, नाचलो आम्ही फ्रँकलिन स्ट्रीटवर. पण पेज आणि ब्राइस जॉन्सन सिनियर होते, ते गेले होते. पेजची कॉलेजमधली शेवटची मॅच ती. चॅपल हिलचा हिशेब मिटला, त्याचा नाही मिटला. मी २०१७ बघते तेव्हा मला मधेच तो आठवतो.

ड्यूकवाली
तुला एक माहितीये का, क्रिस जेनकिन्स आणि तुमचा नेट ब्रिट भाऊ आहेत? जेनकिन्सला लहानपणी ब्रिट कुटुंबाने सांभाळलं. म्हणजे ह्यूस्टनला त्या रात्री एकाच आईबापांचा एक पोरगा जिंकत होता आणि एक हरत होता. त्या आईने कुठल्या रंगाचा शर्ट घालावा?

निळीछत्री
माहितीये. म्हणून मला जेनकिन्सला धड शिव्यापण घालता येत नाहीत.

वर्‍हाडी_बॉयलर
मूळ प्रश्नातली जीत राहिली होती माझी. २०२४, डेट्रॉइट, टेनेसी, ७२-६६. ईडीचे ४० पॉइंट. १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोर. फायनलला यूकॉनने (कनेक्टिकट) ७५-६० केलं ते आपण सोडून देऊ. एफडीयूनंतर ईडी एनबीएला जाऊ शकत होता पण एक वर्ष थांबला, तो टेनेसीनंतर रिंगची जाळी कापायला गेला तर त्याला शिडी लागलीच नाही. जमिनीवर उभा राहून कापली पठ्ठ्याने. हे मी किती वेळा पाहिलं विचारू नका.

जर्सीसिटीचा_बंड्या
ब्रॅकेट कोणी भरतंय का ह्या वर्षी? ग्रुप काढू. ६४ टीम उरल्यानंतरच्या ६३ मॅच सगळ्या बरोबर यायची शक्यता, नुसतं नाणं उडवलं तर, साधारण ९२ हजार कोटी कोटीत एक. गेल्या खेपेला आमच्या ऑफिसात रिसेप्शनवरच्या बाई जिंकल्या, त्यांनी प्रत्येक मॅचला कुठला प्राणी कुठल्या प्राण्याला खाईल ह्यावर ठरवलं होतं.

आयोवाची_माई
मुलींचाही ग्रुप काढणार असाल तर मी येते.

जर्सीसिटीचा_बंड्या
दोन्ही काढतो माई.

क्रिकेटच_बरा
एक विचारू का, हसू नका. ती फायनल इथून किती वाजता दिसेल?

निळीछत्री
आमच्याकडे सोमवारी रात्री नवाच्या आसपास, म्हणजे पुण्यात मंगळवारी सकाळी साडेसहा-सात.

क्रिकेटच_बरा
सकाळी सात म्हणजे बायको फिरायला गेलेली असते. जमेल. ते मोर आहेत का ह्या वर्षी?